नागपूरच्या माणसाला ऊन लागत नाही

इतवारीतले कूलरवाले भैय्याजी म्हटलं की जुन्या गिऱ्हाइकांना एकच चित्र आठवतं. ऐन नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ भट्टीचे दिवस, भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबर चपलेला चिकटून येतंय, आणि हा माणूस कुणाच्या तरी गच्चीवर उभा राहून कूलरच्या जाळीत वाळ्याची खस भरतोय. डोक्याला दुपट्टा, सदऱ्याच्या खिशात पांढरा कांदा. खालून घरची बाई म्हणायची, "भैय्याजी, उतरा ना खाली, संध्याकाळी या." वरून ठरलेलं उत्तर यायचं, "काहून वं माय? मी का पुण्याहून आलो?"

आम्हा नागपूरकरांच्या या खोडीबद्दल थोडं बोलायलाच हवं. मुंबईकराला समुद्राची मिजास असते, कोल्हापूरकराला तांबड्या रश्श्याची. आमच्या वाट्याला ऊन आलं, तर आम्ही उन्हाचीच मिजास करतो. पारा सत्तेचाळीसवर गेल्याची बातमी आली की आमच्या छात्या अशा फुगतात, जणू तो आम्हीच खालून ढकलून वर चढवला. बाहेरगावचा पाहुणा एप्रिलात घामाघूम झाला की आम्ही त्याला लिंबाचं सरबत देतो आणि वर म्हणतो, अजून खरा उन्हाळा कुठे लागलाय! मी याच गावचा आहे, म्हणून हे बोलतो. आणि या मिजाशीपायी एक भला माणूस गेला, म्हणून जरा चिडून बोलतो.

भैय्याजींचे वडील पत्र्याचे डबे ठोकायचे. पोरगा मिसरूड फुटायच्या आतच पत्र्याला लागला, पण त्याने डबे सोडून कूलर धरला. पत्रा कापायचा, वाकवायचा, टाकी जोडायची, पंप बसवायचा, तिन्ही बाजूंना खस भरायची, आणि शेवटी साचा धरून निळ्या रंगात 'डेझर्ट' असं रंगवायचं. ते का रंगवायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. सगळेच रंगवत होते. होळी पेटली की पाऊस पडेपर्यंत या माणसाला धड जेवायला फुरसत नसे. साळ्याचं लग्न मे महिन्यात होतं तर वरात दारावरून जाताना यांनी गच्चीवरून अक्षता टाकल्या. कौसल्याबाई, म्हणजे त्यांची बायको, हे अजूनही विसरलेल्या नाहीत.

मग घरोघरी एसी आले. भैय्याजींचा भाचा रविंद्र हुशार निघाला, त्याने दुकानाची पाटीच बदलली आणि मामांसाठी दारात एक स्टूल ठेवलं. होळीनंतरच्या दिवसांत त्या स्टुलावर रिकामं बसायचं म्हणजे भैय्याजींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एके दिवशी त्यांनी घरी येऊन सांगितलं, "मी वाळवंट पाहून येतो. जनम गेला त्याचं नाव लिहिण्यात."

कौसल्याबाई म्हणाल्या, "उन्हाळ्यात वाळवंट? आपल्या घरी का ऊन कमी पडून राहिलं?" पण अडवलं नाही. स्टुलावर बसलेला नवरा त्यांनाही पाहवत नव्हता.

एका यात्रा कंपनीची हंगामातली शेवटची सहल मार्चअखेर कच्छला निघाली होती. त्या घोळक्यात पुण्या-नाशकाची मंडळी अहमदाबादला येऊन मिळणार होती. नागपुरातून गाडीत बसले ते तिघंच. भैय्याजी, सुमंतराव आणि मोनाली.

सुमंतराव एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. शिडशिडीत, रुमालाची घडीसुद्धा न मोडणारा माणूस. घराणं भोसल्यांच्या वेळेपासून नागपुरात. त्यांना जुन्या पडक्या जागांचं वेड होतं. रामटेक, मनसर, भद्रावती सगळं पालथं घातलेलं, आणि पाच हजार वर्षांपूर्वीचं कच्छमधलं धोळावीरा मरायच्या आत पाहायचं असा ध्यास घेतलेला. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंचे गुडघे दुखत, म्हणून त्या घरीच राहिल्या. मोनाली नागपूरजवळच्या कुहीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. तिचे आजोबा छप्पन साली दीक्षाभूमीवर होते, हे ती पहिल्या ओळखीतच सांगायची, समोरच्याचं तोंड कसं होतं ते बघायला. नागपुरात हे तिघं एका पंगतीला बसले असते की नाही, शंकाच आहे. गाडीत मात्र मोनालीच्या डब्यातला झुणका सुमंतराव बोटं चाटून खात होते आणि भैय्याजी मधे बसून दोघांना संत्री सोलून देत होते. भुसावळ येईपर्यंत तिघांचं जमलं. जन्मभर एका गावात राहून न जमलेली गोष्ट रेल्वेच्या बाकावर एका दुपारीत जमते, त्याला काय म्हणावं?

सुमंतराव त्या प्रवासातून जिवंत परतले नाहीत. हे आत्ताच सांगून टाकतो. कुणाचं मरण गोष्टीच्या शेवटापर्यंत खिशात दडवून ठेवणाऱ्यांचा मला राग येतो.

अहमदाबादहून बस निघाली तेव्हा पुण्याच्या बायकांनी तोंडाला मलम चोपडलं, टोप्या चढवल्या, छत्र्या काढल्या. भैय्याजींना चेव आला. त्यांनी पिशवीतून कांदे काढून सगळ्यांना एकेक वाटला. "खिशात ठेवा. लू लागत नाही. बाकी हे ऊन म्हणजे काहीच नाही. आमच्याकडे या उन्हात पोरं क्रिकेट खेळतात."

"तुम्हाला एसीशिवाय झोप लागते?" एका बाईंनी विचारलं.

"एसी?" भैय्याजी असे हसले की ड्रायव्हरने वळून पाहिलं. "एसीत राहणारा माणूस नागपूरचा नसतेच. काय सुमंतराव?"

सुमंतराव खिडकीशी बसले होते. त्यांनी खिडकीचा पडदा सारखा केला आणि म्हणाले, "आमच्याकडे तर कूलरसुद्धा मे महिन्यात लावतो आम्ही. तोही पाहुणे आले तर."

झालं! भैय्याजींना सख्खा भाऊ सापडल्यासारखं झालं. एसीवाल्यांनी ज्यांचा धंदा खाल्ला, त्यांना असा एक शिकलासवरला, कचेरीतला माणूस भेटला, जो त्यांच्याच बाजूचा होता. त्या क्षणापासून ते सुमंतरावांना सोडेनात. जेवायला शेजारी, चहाला शेजारी. "अस्सल आहे वं हा माणूस," असं ते मोनालीला चारदा तरी म्हणाले असतील. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला काही लागत नाही. उतरायला मात्र शिडी नसते.

धोळावीराला ते सकाळी लवकर पोचले. ऊन अजून कोवळं होतं. दोन्ही बाजूंना रणाचं पांढरं मीठ, मधे बेटासारखी जमीन आणि तिच्यावर ते मेलेलं शहर. दगडी तट, दरवाजा, रस्ते, आणि हौदच हौद. घराएवढे, देवळाएवढे हौद. त्यांत पायऱ्या उतरत गेलेल्या, आणि तळाशी धूळ.

सुमंतराव लहान मुलासारखे झाले होते. एका हौदाच्या पायरीवर बसून त्यांनी दगडावर हात फिरवला. "भैय्याजी, इथे दोन नाले वाहायचे. एकाचं नाव मनहर आणि दुसऱ्याचं काय माहीत आहे? मनसर. आपल्या रामटेकच्या बाजूच्या गावाचंच."

"म्हणजे आपण रामटेकलेच येऊन राहिलो का फिरून?" भैय्याजी म्हणाले, आणि तिघंही खदखदून हसले.

भैय्याजींना राजवाड्याचं काही नव्हतं, पण पाणी कुठून आत यायचं, कुठून पुढच्या हौदात जायचं, उतार कसा धरलाय, हे त्यांनी वाकून वाकून पाहिलं. पत्र्याचं काम केलेल्या माणसाला ते कळत होतं. "एवढं सारं केलं, मंग गेले काहून हे लोक?"

"पाऊस कमी झाला असेल, नद्या आटल्या असतील," मोनाली म्हणाली. "पक्कं कोणालेच माहीत नाही काका."

"हाव. टाकीत पाणी नसलं तं पंप जळतेच," भैय्याजी म्हणाले.

त्या सकाळचा एक फोटो मोनालीच्या फोनमध्ये आहे. पायरीवर तिघं बसलेत, सुमंतरावांच्या मांडीवर संत्र्याची सालं आहेत आणि भैय्याजींचा हात त्यांच्या खांद्यावर आहे.

मुक्काम जवळच्याच गोल झोपड्यांमध्ये होता. तिथे पोचल्यावर यात्रा कंपनीच्या मॅनेजरने सांगितलं, "आता ऊन उतरेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. रणाच्या काठाला झाडांचे दगड झालेत, ते बघायला संध्याकाळी बसने जाऊ."

पुण्याची मंडळी मुकाट्याने झोपड्यांत शिरली. भैय्याजी मात्र उभेच. "किती दूर आहे ते?"

"आठ-दहा किलोमीटर असेल. पण चालत नाही जात कुणी, काका. वाटेत काही नाही."

"मंग आम्ही जातो. तुम्ही या आरामानं बसमधून. आमच्याकडे याले सकाळ म्हणतात."

झोपड्यांच्या दारांतून हशा उठला. मोनालीही हसली आणि बूट घालू लागली, तिला चालायची आवड होती. सुमंतरावही हसले, पण जरा उशिराने. तो उशीर भैय्याजींना तेव्हा दिसला नाही. नंतर दिसला, आणि आता रोज दिसतो.

मॅनेजरने पाण्याच्या बाटल्या तरी घ्या म्हणून आग्रह केला. सुमंतरावांना ओझं नको म्हणून भैय्याजींनी सगळ्या बाटल्या आपल्याच पिशवीत टाकल्या. प्रेमानेच टाकल्या.

सुरुवातीला मजेत चालले. गाडीवाट होती, बाजूला वेड्या बाभळी, गुडघाभर उंचीच्या. मोनाली पुढे, मधे सुमंतराव, मागे भैय्याजी. भैय्याजी सांगत होते की पहिल्यांदा कूलर बनवला तेव्हा त्यातून पाण्याचे शिंतोडे उडून घरमालकाचा सगळा पलंग कसा भिजला होता. सुमंतराव "हो का, हो का" करत होते. मग त्यांचं "हो का" कमी झालं. मग ते थांबले.

"भैय्याजी, जरा पाणी देता?"

आता इथे मला थांबून एक सांगायला हवं. नागपुरात उन्हातून घरी आलेल्या पोराने माठाकडे धाव घेतली की आई त्याचा हात धरते. आधी बस. अंग निवू दे. तापल्या अंगावर पाणी पिऊ नये, ऊन बाधतं. मला माझ्या आईने हेच सांगितलं. भैय्याजींना त्यांच्या आईने सांगितलं. मोनालीच्या घरी हेच, सुमंतरावांच्या घरीही हेच. जात वेगळी, देव वेगळा, पण या एका नियमात सगळं नागपूर एक आहे.

"असे तापल्या अंगानं नका पिऊ," भैय्याजी म्हणाले. "कुठंतरी बसू. अंग निवलं की मंग प्या पोटभर. नाही तं बाधते."

सुमंतरावांनी मान हलवली. त्यांना ते पटलं, कारण तेही त्याच गावचे. मोनालीनेही मागे वळून ऐकलं आणि ती पुढे चालू लागली.

पण निवायला सावली लागते. अंधारी खोली लागते, ओली फरशी लागते. तिथे डोळ्यांच्या टप्प्यात माणसाच्या डोक्याएवढीसुद्धा सावली नव्हती. घरी तो नियम चालतो, कारण घर असतं. इथे ते "मंग" काही येत नव्हतं.

लांबवर एक बरंसं झाड दिसत होतं. तिथे बसू, असं ठरलं. झाड जवळ वाटत होतं, पण चालून चालून येईचना. सुमंतरावांनी पुन्हा पाणी मागितलं. भैय्याजी हसत म्हणाले, "धरा जरा दम. ते काय, आलंच झाड. नागपूरचे ना तुम्ही?"

"हो," सुमंतराव म्हणाले. "नागपूरचा." आणि चालू लागले.

शुद्धीत त्यांच्या तोंडून निघालेलं ते शेवटचं वाक्य.

थोड्या वेळाने भैय्याजी त्यांच्या बरोबरीला आले आणि त्यांच्याकडे पाहून खूश झाले. स्वतः भैय्याजी घामाने निथळत होते, सदरा पाठीला चिकटला होता. सुमंतरावांचा चेहरा लाल होता, पण कोरडा ठणठणीत. "मोनाली, पाहा वं इकडे," त्यांनी हाक मारली. "घामाचा टिपूस नाही काकाले! याले म्हणतात नागपूरकर!"

मोनालीने वळून पाहिलं. ती म्हणते, तेव्हाच तिला काहीतरी बिघडलंय हे कळलं. पण आधी ती हसली होती, भैय्याजी इतक्या कौतुकाने म्हणाले म्हणून.

"प्रमोदिनी," सुमंतराव अचानक मोठ्याने म्हणाले, "पडदा ओढ गं. ऊन आत येऊन राहिलं." मग ते वाट सोडून बाभळींच्या दिशेने वळले, दारातून आत शिरावं तसे जरा वाकले, आणि कोसळले.

भैय्याजींनी त्यांना हात लावला आणि हात मागे घेतला. जन्मभर उन्हातला पत्रा हाताळलेला माणूस तो, पण त्या अंगाचा चटका त्यांना सोसवेना. तेव्हा त्यांना कळलं. खस ओली असते तोवरच कूलर गार वारा देतो. खस वाळली, टाकी संपली, की तोच पंखा आगीचा झोत फेकतो. हे त्यांनी हजार गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं होतं. खिडकीबाहेर आलेल्या कोरड्या खसेला हात लावून ते रस्त्यावरूनच ओळखत की आतला पंप बंद पडलाय. आणि हा माणूस डोळ्यांदेखत कोरडा पडत गेला, तर त्यांनी त्याचं कौतुक केलं.

सगळ्या बाटल्या उघडल्या. तोंडात घातलेलं पाणी ओघळून बाहेर आलं. उरलेल्यातलं बरंचसं त्यांनी सुमंतरावांच्या डोक्यावर, छातीवर ओतलं. मोनाली आल्या वाटेने पळत सुटली, फोनला तिथे रेंज नव्हती. भैय्याजींनी दुपट्टा भिजवला आणि वारा घालत राहिले. दुपट्टा वाळला तेव्हा भिजवायला काही उरलं नव्हतं. ते कोरडाच दुपट्टा हलवत राहिले आणि ओरडत राहिले, "सुमंतराव, प्या ना. प्या आता. पाणी प्या ना जी." पाणी नव्हतंच.

मोनालीला वाटेत एक दुधाचा टेम्पो भेटला. तो आला, सुमंतरावांना त्यात घातलं. मोठा दवाखाना फार लांब होता. टेम्पोत त्यांचं डोकं भैय्याजींच्या मांडीवर होतं, आणि ते कधी गेले हे भैय्याजींना कळलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि हिंदीत सांगितलं की ऊन लागून गेले, वेळेवर थोडं पाणी मिळालं असतं तर वाचले असते.

सुमंतरावांचा मुलगा विहंग विमानाने आला. देह नागपूरला आला, अंबाझरीच्या घाटावर अग्नी दिला. भैय्याजी घाटावर एका बाजूला उभे होते. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच आले होते. विहंग मोकळा झाल्यावर ते त्याच्यापाशी गेले.

"बेटा, माझं चुकलं. मी त्यांले पायी नेलं. पाणी मागितलं तं थांबवलं. ऊन लागलं त्यांले."

विहंगने त्यांचा हात धरला. "काका, असं काही मनात आणू नका. हार्टच असणार. बाबांना मार्चमधलं ऊन कसं लागेल?"

"डॉक्टरनं सांगितलं ना..."

सुमंतरावांचे चुलतभाऊ कृष्णकांत मधेच म्हणाले, "तिथल्या डॉक्टरांना काय माहीत हो? नागपूरचा माणूस आणि उन्हानं जातो? तेही कच्छच्या? लोकांना सांगितलं तर हसतील." आजूबाजूच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. एकाने तर पारा किती होता ते विचारलं, आणि आकडा ऐकून "हॅः" केलं. मग सगळ्यांनी भैय्याजींचे आभार मानले. परमुलखात शेवटपर्यंत साथ दिली, सख्खा भाऊसुद्धा एवढं करत नाही, असं कृष्णकांत सगळ्यांदेखत म्हणाले.

भैय्याजींनी आणखी प्रयत्न केले. रविंद्रला सांगितलं, तो म्हणाला, मामा, वय झालं होतं त्यांचं. शेजाऱ्याला सांगितलं, त्याने स्वतः मे महिन्यात चंद्रपूरपर्यंत सायकल मारल्याची गोष्ट ऐकवली. मोनालीला फोन केला. ती म्हणाली, "काका, मी पण तं हसली होती. मी कोणाले काय सांगू?" आणि रडायला लागली. त्यानंतर दोघांनी एकमेकांना फोन केला नाही. तिघांतला एक गेला, आणि उरलेल्या दोघांना एकमेकांचं तोंड पाहवेना.

खुनी माणसाला निदान कुणी खुनी म्हणतं. भैय्याजींना कुणी तेवढंही म्हणेना. अन्न गोड लागेना, दुकानाकडे पाय वळेना. एक दिवस कौसल्याबाईच म्हणाल्या, "त्या बाईले जाऊन भेटा एकदा. पुरुषांले सांगून काय होते?"

तेरवी उरकल्यावर एके दिवशी ते निघाले. लक्ष्मीनगरात सुमंतरावांचं घर. एप्रिल मध्यावर आला होता, दुपार होती. दुपट्टा न बांधताच ते स्कूटरवरून गेले. कौसल्याबाई दुपट्टा हातात घेऊन फाटकापर्यंत आल्या होत्या, पण यांनी मागे पाहिलं नाही.

प्रमोदिनीबाईंनी दार उघडलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, विहंग कामावर गेला होता. आत काळोख होता. सगळ्या खिडक्यांना जाड, दुहेरी पडदे. आणि गारवा. भैय्याजींनी सवयीने आवाजाच्या दिशेने वर पाहिलं. भिंतीवर एसी होता. आजकालचा नव्हे. कडा पिवळ्या पडलेला, निदान पंधरा वर्षं जुना.

त्यांच्या नजरेकडे पाहून प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "आतल्या खोलीत पण आहे. यांना ऊन कधीच सहन व्हायचं नाही. होळी झाली की अकरानंतर घराबाहेर पाऊल नाही. नोकरीत होते तेव्हा सुद्धा उन्हाळ्यात रजा टाकायचे. बीपीची गोळी होती, त्यानं लघवी फार व्हायची, डॉक्टरनं पाणी सारखं प्यायला सांगून ठेवलं होतं." त्या खुर्चीवर बसल्या. "विहंगला हे सगळं माहीत आहे. पण त्याला हार्ट बरं वाटतं, तर वाटू दे. मी मात्र विचार करून राहिली होती, हा माणूस आपणहून दुपारचा निघाला कसा?"

भैय्याजी उभेच होते. बसमधलं ते वाक्य त्यांना ऐकू आलं, कूलरसुद्धा मे महिन्यात लावतो आम्ही. त्यांच्यासाठी बोललं गेलेलं. त्यांना बरं वाटावं म्हणून, त्यांच्यात सामील व्हावं म्हणून. वयाची साठी उलटलेला तो माणूस नवा मित्र मिळाला म्हणून खोटं बोलला होता, आणि मग त्या खोट्याला जागला होता.

"बसा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात देत आत गेल्या. येताना त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता आणि वाटीत गुळाचा खडा. पेला त्यांनी भैय्याजींच्या समोर धरला.

काय बोलायचं ते भैय्याजींनी वाटेत शंभरदा घोकलं होतं. मी त्यांना मारलं, इथपासून सुरुवात करायची होती. पण पेला पुढे आला आणि तोंडातून आपोआप निघालं, "राहू द्या जरा. आताच उन्हातून आलो. अंग निवू द्या, मंग पितो."

बोलून झालं आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

प्रमोदिनीबाईंचा हात तसाच पुढे होता. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "त्यांनाही हेच म्हटलं होतं?"

"हो," भैय्याजी म्हणाले.

"पाणी कोणाजवळ होतं?"

"माझ्याजवळ. पिशवीत. भरपूर होतं."

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. हातातला पेला त्यांनी आणखी पुढे केला, इतका की थोडं पाणी भैय्याजींच्या सदऱ्यावर सांडलं.

"प्या," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर प्या."

भैय्याजींनी पेला घेतला. प्रमोदिनीबाई उभ्याच राहिल्या आणि शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत त्यांनी त्यांच्यावरची नजर काढली नाही.